‘वळण’नं कात टाकली त्या वर्षी

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. मासिकाच्या कचेरीत तर ते रद्दीपेक्षा भरभर साचतात, आणि रद्दी निदान विकता येते. परवा जुनी मंडळी भेटली, ‘वळण’चा विषय निघाला आणि चहा दोनदा गरम करावा लागला. त्यातले हे काही.

‘वळण’ म्हणजे आमचं मासिक. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला महाल भागात, एका छापखान्याच्या वर आमची खोली होती. ‘वळण’ दुकानात मिळायचं नाही. वर्षाची वर्गणी भरायची, की दर महिन्याला पोस्टानं घरी यायचं. संपादक बापूसाहेब, कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक. व्यवस्थापक गुलाबराव, मूळचे सावनेरकडचे, घरची शेती भावावर सोपवून शहरात आलेले. दोघांनी मिळून हे मासिक काढलं होतं. मी सकाळी शाळेत शिकवायची आणि दुपारी इथं प्रुफं तपासायची. गुलाबराव मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत.

वर्गणीदार गळत चालले होते. कुणी वारलं, कुणाची बदली झाली, कुणाला मुंबईची रंगीत मासिकं आवडू लागली. असंच चाललं तर मासिक बंद करावं लागेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एक दिवस बापूसाहेबांनी जाहीर केलं की ‘वळण’चं रूपच पालटायचं. मुखपृष्ठ, आकार, आतली मांडणी, सगळं.

गुलाबरावांनी शांतपणे विचारलं, “काहून? लोकं मुखपृष्ठ पाहून मरून राहिले का?”

* * *

बापूसाहेब लोकशाहीवादी. वर्गणीदारांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अंकासोबत सगळ्यांना उत्तराचं कार्ड जोडलेलं एकेक जोडकार्ड गेलं. प्रश्न एकच होता: “‘वळण’मध्ये काय बदलावे असे आपणांस वाटते?”

उत्तरं भरपूर आली. बहुतेकांनी लिहिलं होतं, “पत्ता.” आणि खाली नवा पत्ता.

बापूसाहेबांनी सगळी कार्डं वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “एकूण कौल बदलाच्या बाजूनं दिसतो.”

* * *

मुखपृष्ठासाठी चित्रकार शोधणं आलं. गुलाबरावांनी गांधीबागेतल्या कापडबाजारातून वसंत पेंटरला आणलं. वसंतानं तोवर आयुष्यभर लुगड्यांच्या खोक्यांवरची लेबलं रंगवली होती. हात फार सुरेख. बापूसाहेबांनी त्याला आधुनिक कलेविषयी बरंच काही समजावलं. तो मान डोलावत ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं की बाई उभी पाहिजे का बसलेली.

पहिलं मुखपृष्ठ छापून आलं. बाई बसलेली होती. आम्ही तिघांनी ते पाहिलं, आवडलं, अंक पोस्टात गेले. खालच्या कोपऱ्यात वसंतानं सवयीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पक्का रंग’. ते प्रुफं तपासणाऱ्या माझ्याही नजरेतून सुटलं.

आठवडाभरात काटोलहून एका वर्गणीदाराचं पत्र आलं. अंक पाण्यात पडला, रंग गेला, बदलून द्यावा.

गुलाबरावांनी बदलून दिला. म्हणाले, “लिहून देल्लं आहे नं आपण.”

* * *

मासिकाच्या नावाचं अक्षरही वसंतानंच नवं काढलं. ‘वळण’ मधला ‘ळ’ त्यानं रस्त्याला वळण असावं तसा काढला. कल्पना चांगली होती, पण लोकांना तो ‘र’ वाटू लागला. महिन्याभरात आम्ही ‘वरण’ झालो. पोस्टात गठ्ठे घेऊन गेलं की खिडकीवरचा बाबू आतल्या माणसाला सांगायचा, वरणवाले आले.

पुढं एका महिला मंडळानं पाककृतींच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बापूसाहेबांनाच बोलावलं. पत्रात लिहिलं होतं, आपल्यासारखा त्या विषयाला वाहिलेला माणूस दुसरा नाही. आम्हाला वाटलं, ते कळवतील की गैरसमज झाला. ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून गेले. तेवढाच मासिकाचा प्रसार, म्हणाले.

परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, “सगळं उत्तम होतं. वरण मात्र कुणीच केलं नव्हतं.”

* * *

आकार वाढवला, त्याचा फटका खापा गावाला बसला. तिथल्या मोतीरामजींनी ‘वळण’च्या जुन्या आकाराच्या मापानं एक लाकडी कपाट खास सुताराकडून करून घेतलं होतं. नवा अंक त्यात मावेना. ते बसनं नागपूरला आले, सोबत मापाची काडी घेऊन. आवाज न चढवता त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बसून राहिले.

बापूसाहेबांनी त्यांना काळाची गरज समजावून सांगितली. मोतीरामजी म्हणाले, “ते सगळं बराबर आहे. पण कपाट आता लहानाचं मोठं होत नाही नं, साहेब.”

तोडगा गुलाबरावांनी काढला. खाप्याचा एक अंक दर महिन्याला खाली छापखान्यात नेऊन, कापायच्या यंत्रावर जुन्या मापाचा करायचा. त्यात प्रत्येक पानाच्या खालच्या एक-दोन ओळी जात होत्या. बापूसाहेबांना हे ऐकूनच कसंतरी झालं, पण वर्गणीदार जुना होता.

काही महिन्यांनी मोतीरामजींचं कार्ड आलं. लिहिलं होतं, “नव्या ‘वळण’मधल्या कथा फार सुधारल्या. पूर्वी लेखक शेवट सांगून टाकत असत. आता वाचकावर सोडतात.”

बापूसाहेबांनी ते कार्ड वाचकांच्या पत्रांत छापलं. पानाच्या वरच्या बाजूला, म्हणजे खाप्यालाही वाचता यावं.

* * *

आतल्या मांडणीत बापूसाहेबांना कोरी जागा हवी होती. नव्या मासिकांत कवितेभोवती मोकळी जागा सोडतात, डोळ्यांना विसावा मिळतो, वगैरे. त्यासाठी काही सदरं बंद करणं भाग होतं. त्यात एक सदर होतं ‘घासातला घास’. पाककृतींचं. ते लिहायच्या त्यांच्याच पत्नी, आमच्या माई.

माईंना हे कुणी सांगायचं? बापूसाहेब म्हणाले, घरचा माणूस सांगतो तेव्हा त्यात भावना येतात, म्हणून मी जावं. मी गेले. माईंनी पाटवड्यांची रस्साभाजी केली होती. मी पोटभर जेवले आणि पुढच्या महिन्याचा मजकूर घेऊन परत आले.

मग गुलाबराव गेले. माणूस पक्का. दोन तासांनी आले, आल्या आल्या खुर्चीत टेकले, पट्टा सैल केला आणि पुढच्या दोन महिन्यांचा मजकूर टेबलावर ठेवला. “मास्तरीणबाई,” म्हणाले, “पुरणपोळीपुढं माणसाचं काही चालत नाही.”

शेवटी बापूसाहेबांनी न सांगताच सदर गाळलं. अंक घरी पोचला. माईंनी तो चाळून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बापूसाहेबांनी आमच्यासमोर डबा उघडला. मोठा, लखलखीत घासलेला डबा. आत मधोमध एक लिंबाची फोड, बाकी काही नाही. झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती: “डोळ्यांना विसावा.”

त्या दिवशी बापूसाहेब गुलाबरावांच्या डब्यातलं जेवले. ‘घासातला घास’ पुढच्या अंकात परत आलं. त्याच्या आजूबाजूला कोरी जागा सोडलेली नव्हती.

* * *

मासिक तगलं. नव्या रूपामुळं की त्यातल्या चुकांमुळं, ते देव जाणे, पण वर्गणीदार पुन्हा येऊ लागले. आणि नेमका तेव्हाच एक गेला.

झालं असं, की वेष्टणावरची नावं आम्ही हातानं लिहायचो, ती आता छापून घ्यायची ठरली होती. गुलाबराव एकेक नाव तपासत बसले. त्याच सुमारास सावनेरचा एक शिक्षक कचेरीत आला. बोलता बोलता म्हणाला, तुम्ही दौलतरावांच्या नावानं अंक पाठवता, ते माझे काका. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकी एकट्याच असतात.

गुलाबरावांना फार लागलं. दौलतराव पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. वर्गणी दरवर्षी वेळेवर येत होती, म्हणून आम्ही कधी चौकशी केली नाही. एका विधवेच्या दारात आपण महिन्याच्या महिन्याला गेलेल्या माणसाचं नाव पाठवत होतो, असं म्हणाले. त्यांनी स्वतः नाव बदललं. नव्या वेष्टणावर छापून आलं, ‘श्रीमती पार्वताबाई’.

तो अंक परत आला. पोस्टमननं वर लिहिलं होतं, ‘घेत नाहीत’. पुढच्या महिन्याचाही आला.

बापूसाहेबांना वाटलं, नवं रूप बाईंना रुचलं नाही. ते इतके खचले, की जुनं मुखपृष्ठ परत आणायच्या गोष्टी करू लागले. शेवटी एका रविवारी गुलाबराव आणि मी एसटीनं सावनेरला गेलो.

काकी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. आम्ही कुठून आलो ते ऐकून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. गुलाबरावांनी बराच वेळ माफी मागितली. रंग भडक झाला असेल, आकार मोठा झाला, जुन्या माणसांना सवय नसते.

काकी म्हणाल्या, आपण रंग पाहिलाच नाही.

मग मी आत पाहिलं. कोनाड्यात आमचे जुने अंक नीट रचून ठेवले होते. दौलतरावांनी वाचलेले सगळ्यात खाली, त्यावरचे सगळे वेष्टणात, एकही फोडलेला नव्हता.

गुलाबरावांनी विचारलं, “काकी, तुमी वाचत नाही का?”

“मले कुठं वाचता येते, भाऊ.”

“मंग एवढे वर्षं वर्गणी काहून भरून राहिल्या?”

 काकींनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, “पोष्टमन दारात उभा राहून यांच्या नावानं आवाज देते. मले तं यांचं नाव घेता येत नाही. महिन्यातून एकडाव कोणीतरी घेते, तं मी ऐकतो. आता तो माह्या नावानं आवाज देऊन राहिला. माह्या नावाचं मी काय करू?”

 गुलाबरावांनी चहा संपवला. पिशवीतून नवा अंक काढला, वेष्टणावरचं छापील नाव पेनानं खोडलं आणि वर दौलतरावांचं नाव लिहिलं. मग चपला घालून ते अंगणातून बाहेर रस्त्यावर गेले. फाटक लावून घेतलं आणि पलीकडून मोठ्यानं हाक मारली,

“दौलतराव!”

काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठल्या.