व्याह्यांची उपसूचना

हात वर झाल्यावर उपसूचना घ्यायची नाही, असा नियम मी सरपंच झाल्या झाल्या ग्रामसभेत करून घेतला. मूर्खपणा होता, आणि तोही एका माणसासाठी केलेला. हा माणूस म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, आमचे व्याही. उद्या ते यमालासुद्धा आधी ‘चला’ म्हणतील आणि रेडा निम्म्या वाटेवर पोचला की त्याला थांबवतील, “माजी एक उपसूचना हाय.”

वेळेवर त्यांना काही सुचतच नाही. चहा कपात ओतून झाला की साखर कमी करायची आठवण होते. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या, पानं मांडून झाली, आणि व्याह्यांनी पंगत मांडवातून उचलून माडांच्या सावलीत न्यावी असं सुचवलं. भटजींसकट सगळ्यांनी टेबलं उचलली. मीही चरफडत एक उचललं. जेवताना मात्र वाऱ्याचं सुख सगळ्यात जास्त मीच घेतलं. माझ्या त्या नियमालाही त्यांनी आनंदानं हात वर केला आणि तो मंजूर झाल्यावर म्हणाले, “फुडच्या सभेपासून लागू करा.”

पुढची सभा ऐन पावसाळ्यातली. ठराव माझाच होता, किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत पर्यटकांच्या गाड्यांना पार्किंग. जागा मी स्वतः बघून आलो होतो. गुडघाभर गवत, दोन म्हशी, बाकी शुकशुकाट. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात आणि मग त्याच जागेवर कोळणींचा जवळा, बोंबील वाळतात, पार पुढच्या पावसापर्यंत. जन्मभर जवळ्याची चटणी चापणाऱ्या मला तो वाळतो कुठं, एवढं आठवलं नाही.

हात वर झाले. कोळीवाड्यातल्या बायकांचेसुद्धा. मी ‘मंजूर’ म्हणणार, तेवढ्यात व्याही उठले. मी म्हटलं, उशीर झाला, हात वर झालेत.

“हात वर हायत व्हय. नजरा बगा त्यांच्या.”

मी बघितलं. बोर्लीच्या बाजारात मला नेहमी वर मूठभर जवळा घालणारी बाई हात वर करून जमिनीकडं बघत होती. सरपंचाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, एवढ्या भिडेपायी त्या बायका आपलं वर्षाचं पोट घालवायला निघाल्या होत्या.

मी नियम गिळला आणि म्हटलं, मांडा. मासळी वाळवायची जागा तशीच राहावी, पार्किंग सरपंचांच्या घरापुढच्या माळावर करावं, अशी उपसूचना आली. या वेळी हात वर होते आणि नजराही. सगळ्या माझ्यावर, हसऱ्या.

आता सुट्टी आली की माझ्या वाळत घातलेल्या आमसुलांवर गाड्यांची धूळ बसते आणि खालून सुकटीचा वास येतो. त्या वासासरशी व्याह्यांचे उपकार आठवतात. गुडघ्यांमुळे ते हल्ली सभेला येत नाहीत. ठराव झटपट उरकतात, तरी ‘मंजूर’ म्हणण्याआधी मी उगाच दाराकडं बघत थांबतो. परवा त्यांच्या ओटीवर बसून हे सगळं सांगितलं. म्हटलं, व्याही, तुमची एकही उपसूचना वाया गेली नाही.

कपात ओतून झालेल्या चहाकडं त्यांनी बघितलं.

“एक ऱ्हायलीच. तुमाला सरपंच केला, तवा मांडायला पायजे व्हती.”