मध्यम अंगाचा ट्युबा आणि मुलीचा कान

लग्नाच्या बँडमधलं सगळ्यात अवाढव्य वाद्य सगळ्यात बुटक्या माणसाने वाजवावं, ही दुर्बुद्धी माझीच. माझ्या जुन्या ट्युबाआड मी असा झाकला जायचो की समोरच्याला वर पितळ आणि खाली दोन पाय एवढंच दिसायचं. वरातीतली पोरं ओरडायची, "ए, भोंगा चालला बघ!" सकाळी फुलबाजारात झेंडू विकायचा आणि संध्याकाळी हे. मला आपलं वाटायचं, आपण कलावंत आहोत.

आमच्या बँडमास्तरांना तसं वाटत नव्हतं. ट्युबाच्या दाबायच्या कळांमध्ये गुलाल शिरायचा, कळ मध्येच अडकायची आणि सूर भलतीकडेच जायचा. एका वरातीनंतर ते शांतपणे म्हणाले, "नवं वाद्य बघा. नाहीतर पुढच्या सीझनला तुमच्या हातात खुळखुळा देतो."

खुळखुळा! या वयात! घरी येईपर्यंत माझ्या अंगाची आग आग होत होती.

मग ठरवलं, माझ्या उंचीला शोभेल असा मध्यम अंगाचा ट्युबा घ्यायचा, आणि तो रोटरी कळांचा. या कळा आतल्या आत फिरतात, बोटांना हलक्या लागतात. सूर मात्र पक्का हवा. आणि इथेच सगळं अडलं, कारण सूर पक्का आहे की नाही हे मला कळतच नाही. फुंकताना मला सगळंच गोड लागतं.

आमच्या घरात देवाने तोंड मला दिलं आणि कान मुलीला. तिने कधी वाद्याला हात लावला नाही, पण अंगणात सराव करताना माझा सूर जरा वर सरकला की आतून हाक यायचीच, "पप्पा, चढलात! खाली या!" तिला बघायला लासलगावचे पाहुणे आले, तेव्हा मला भारी हौस, मी त्यांना दोन ओळी वाजवून दाखवल्या. ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पप्पा, चढलात." बायकोने कपाळावर हात मारला. तरी पाहुण्यांनी तिला पसंत केलं. माणसं खरंच चांगली.

लग्न दिवाळीनंतर ठरलं. म्हणजे ट्युबा त्याआधीच घ्यायला हवा होता. कान एकदा लासलगावला गेला की मी काय करणार होतो? बायको म्हणाली, "पोरीच्या लग्नाची धावपळ आणि तुमचं हे भोंग्याचं काय मध्येच?" पण मी मुलीला गाडीवर बसवून देवळालीला नेलंच. तिथे एका निवृत्त वादकाकडे रोटरीचे दोन ट्युबा विकायला होते. एक पोचे पडलेला, काळवंडलेला. दुसरा असा चकचकीत की त्यात मला माझं तोंड दिसलं, आणि तेही बरं दिसलं. झालं, माझं ठरलं.

मुलगी अंगणात आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी चकचकीत वाजवला. "नको," ती म्हणाली. मग मी जरा थांबलो, खुर्ची सरकवल्याचा आवाज केला आणि पुन्हा तोच वाजवला.

"पप्पा," पाठ न वळवता ती म्हणाली, "हा तोच आहे. दुसरा वाजवा ना."

म्हातारबुवा तोंडावर पंचा धरून हसत सुटले. मी मुकाट्याने पोचेवाला उचलला. खालून वरपर्यंत वाजवला. ती वळून म्हणाली, "हाच घ्या. हा तुम्हालासुद्धा सांभाळून घेईल."

लग्नात मी मांडवाच्या दारात फेटा बांधून उभा होतो. आमच्याच बँडने नवरदेव आणला. ट्युबा दुसऱ्याने वाजवला, तो कसा वाजला कोण जाणे, माझं लक्षच नव्हतं.

त्यानंतर मी रोज अंगणात बसू लागलो. काय सांगू, सूर असा लागायचा! एकही हाक नाही. मी खुश. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मला काय, सगळं सारखंच ऐकू येतं." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की हाक मारणारंच घरात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी वरात होती आणि मी सुरात आहे की नाही, हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

मी मुलीला फोन लावला. पलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची घरघर चालू होती. फोन स्टुलावर ठेवला आणि सगळं वाजवून दाखवलं.

"छान वाजवलंत, पप्पा," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत या पोरीने मला एकदाही छान म्हटलं नव्हतं. छान कोण म्हणतं? पाहुणे म्हणतात.

"खरं सांग," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण बायको बाहेर आली.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"चढलात, पप्पा," ती रडत रडत म्हणाली. "किती चढलात! खाली या."

"येतो, येतो," मी म्हणालो आणि ट्युबा पुन्हा मांडीवर घेतला.