साहेबांच्या तोंडावरची फुली

मी गवंडी आहे आणि तोंडाने फटकळ. परांचीचे उभे-आडवे बांबू बांधून झाले, की दोन तिरके बांबू एकमेकांना छेदून आवळायचे. त्याला आम्ही कैची म्हणतो. कैची नसली तर परांची उभी दिसते खरी, पण जरा भार पडला की एका अंगाला कलंडते. हे मी निम्म्या श्रीगोंदा तालुक्याला ऐकवलेलं आहे, कुणी विचारलेलं नसताना.

गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. गिलावा अजून अर्धा राहिला होता, पण साहेबांची तारीख मिळाली होती, म्हणजे उद्घाटन ठरलं. सरपंचांनी परांचीमागच्या भिंतीवर साहेबांचा दोन मजली फ्लेक्स लावला आणि समोरून पाहिलं, तर कैची बरोबर साहेबांच्या तोंडावर.

"मिस्तरी, फुली मारली का काय रं साहेबांवर? सोड ती."

"सरपंच, पडंल की."

"तासाभराचा तर परश्न हाय. अन् तुजा बी सत्कार ठिवलाय, शाल-नारळ."

शाल म्हटल्यावर माझी सगळी अक्कल पाघळली. मी माझ्या हातांनी दोर सोडले.

फुलं उधळायला जेसीबी सांगितला होता, पण तो शेजारच्या गावात दुसऱ्या साहेबांवर फुलं उधळत होता. मग झेंडूच्या पाट्या देऊन चौघांना परांचीवर चढवलं. त्यात माझा मेव्हणा, माझ्याच हाताखाली काम शिकलेला. त्याला खाली बोलवणारच होतो, तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं आणि मी निघालो ऐटीत.

माझ्या अंगावर शाल पडली, साहेबांवर फुलं पडली आणि मग एका अंगाला परांची. तिघं छज्ज्याला लोंबकळले. मेव्हण्याची मांडी मोडली. साहेब "काळजी घ्या" म्हणाले आणि गाडीत बसले. फ्लेक्सला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

टेम्पोतून नगरला नेताना मेव्हण्याचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. रस्ताभर सरपंचांना शिव्या घालत होतो. लाज वाटत होती, म्हणूनच आवाज एवढा चढला होता.

तो कण्हतच म्हणाला, "दाजी, त्येन्ला काय कळतंय परांचीतलं? तुमी बांदलीय म्हनून मी वर चढताना बघितलंच न्हाई."