शेफालीचे भरायचे राहिलेले दिवस

बिबवेवाडीच्या यमुनाबाईंच्या मते त्यांची नात शेफाली अजून पुरती जन्मलीच नव्हती. आता ती नऊ वर्षांची, चौथीत, आणि आवाज अख्ख्या बिल्डिंगला पुरेल इतका. पण झाली सातव्या महिन्यात. वजन एक किलो दोनशे, दीड महिना काचेच्या पेटीत. घरी आणली त्या दिवशीच यमुनाबाईंनी जाहीर केलं, "पोरीचे दिवस भरायचे राहिलेत. ते मी भरून काढीन." कशाने, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. तुपाने, आणखी कशाने.

त्यात बाईंचा धंदा पापड-कुरडयांचा. सोसायटीत त्यांच्या पापडाला मान आहे, जिभेला जरा जास्तच. शेफाली शाळेतून आली की दोन पापड, जेवताना दोन, आणि तुटलेला तर पापडात मोजायचाच नाही. सून उत्कर्षा कधी म्हणालीच, "अहो आई, गुटगुटीत झालीय, आता पुरे," की उत्तर ठरलेलं, "दोन महिन्यांचं राहिलंय तिचं." नऊ वर्षं झाली, ते दोन महिने काही संपेनात.

यंदा नवीन डॉक्टरीणबाईंकडे शेफालीला खोकल्यासाठी नेलं. त्यांनी जन्माची फाईल वाचली, खोकला बाजूला ठेवला आणि पोरीच्या दंडाला लहान पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं. पाच मिनिटं शांत बसवून परत बघितलं. मग तिसऱ्यांदा.

"जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"मशीन बिघडलंय," यमुनाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा पोरीला कुठलं आलंय बीपी? माझं बघा, म्हणजे कळेल."

डॉक्टरीणबाईंनी मोठा पट्टा काढला. एकशे बहात्तर. मशीन बरोबर होतं.

"आजी, किडनीत रक्त गाळायच्या बारीक बारीक गाळण्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा पोटातल्या शेवटच्या महिन्यांत तयार होतात. बाळ लवकर बाहेर आलं की ते काम थोड्याच दिवसांत अर्धवट थांबतं. झाल्या तेवढ्याच जन्मभर पुरवायच्या."

"नंतर खाऊपिऊ घालून होत नाहीत?"

"नाही."

"मग मी नऊ वर्षं काय भरत होते?"

उत्कर्षानं पंख्याकडे बघितलं. शेफालीनं स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलल्या. लवकर झालेल्या सगळ्याच मुलांना त्रास होतो असं नाही. पण गाळण्या कमी असल्या आणि वर वजन नि मीठ वाढलं, तर त्यांच्यावर ताण येतो. किडनीला इजा झालीय का, ते लघवीच्या रिपोर्टात आणि सोनोग्राफीत दिसेल. दुखणं थांबवायच्या गोळ्या मनानं द्यायच्या नाहीत, किडनीला जड जातात. आणि आजी, तुम्हालाही गोळी सुरू करतेय.

घरी येताना यमुनाबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. मीटरवरूनही नाही. तेव्हा उत्कर्षा खरी घाबरली.

रिपोर्ट यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस बाईंनी पापड लाटले नाहीत. गिऱ्हाइकाला सांगितलं, पीठ बिघडलंय. देवापाशी मात्र खरं बोलल्या, "चूक माझी, तिला कशाला." रिपोर्ट चांगला आला. लघवीतून प्रोटीन जात नव्हतं. सोनोग्राफीही ठीक. बाईंनी पापडाचा डबा शिडी लावून माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

पुढचे तीन महिने आजी आणि नात रोज संध्याकाळी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत होत्या. उत्कर्षाच्या अळणी आमटीला दोघी मिळून नावं ठेवायच्या. त्या घरात इतकं एकमत आधी कशावरच झालं नव्हतं.

मग परत दवाखाना. शेफालीचं ब्लडप्रेशर तीनदा बघितलं, तिन्ही वेळा ठीक.

"छान. आता तीन महिन्यांनी एकदा, मग दर वर्षी दाखवायचं."

"किती वर्षं?"

"कायमच. मोठी झाली तरी."

"म्हणजे हिचे दिवस कधी भरायचेच नाहीत."

"आजी, ते भरू नयेत म्हणूनच तर बोलावतेय."

यमुनाबाईंनी पदर सावरला. मग स्वतःचा दंड पुढे केला. "माझंही बघा. माझेही इतक्यात भरून चालायचे नाहीत. हिला दर वर्षी आणणार कोण?"

एकशे चौतीस.

"आज्जी," शेफाली म्हणाली, "मशीन बिघडलंय."