समोर काढलेली पत्रावळ

आमच्या घरचं गिऱ्हाईक आधी भांडं बघायचं, मग दूध. संध्याकाळी अप्पा, माझे वडील, म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायचे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली माणसं समोर काढलेलं दूध घ्यायला घोळका करून उभी असायची. धारेला बसायच्या आधी अप्पा चरवी उपडी करून सगळ्यांना दाखवायचे: बघा, पाण्याचा थेंब नाही. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलं तरी चरवी उपडी व्हायचीच. त्यात कुणाला अपमान वाटत नसे.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा अव्वानं, म्हणजे आईनं, मला गुलाल लावला आणि उरलेला म्हशीच्या कपाळाला फासला. त्या संध्याकाळी म्हशीनं जास्त दूध दिलं, असं अव्वा अजून शपथेवर सांगते.

दोन हजार सालानंतर कधीतरी मला सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत नोकरी लागली. अजून कायम झाले नव्हते, तेवढ्यात बचत गटांचा मोठा मेळावा आला. हजारो बायका जेवणार. निविदेत अट होती की पत्रावळी नुसत्या पानांच्या हव्यात, मातीत टाकल्या तर मातीच व्हावी, प्लास्टिक अजिबात नको. माल निघायच्या आधी ठेकेदाराकडं जाऊन अट पाळली की नाही ते बघायचं आणि पसंतीची सही करायची, हे काम माझ्याकडं आलं. माझी पहिली तपासणी! अव्वानं गल्लीभर सांगितलं, "आमची पोरगी सरकारी माल पास करती."

ठेकेदार आमच्याच पेठेतला. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. नमुन्याची पत्रावळ आणि कसलासा दाखला घेऊन तो आमच्या शाखेच्या साहेबांसमोर बसला होता.

"करा सही, ताई. दाखला हाय की."

मी म्हणाले, "दाखला बघितला. आता पत्रावळ समोर काढून दाखवा."

"पत्रावळ म्हंजी काय म्हशीची धार हाय व्हय, समोर काढायला?" मग साहेबांकडं वळून तो हसत म्हणाला, "गवळ्याची लेक, साहेब! पाणी घालणाऱ्यांच्या घरात सगळी चोरच दिसायची."

सगळी शाखा हसली. माझे कान तापले. मला म्हणाला असता तर सोडून दिलं असतं, पण हा शब्द अप्पांच्या चरवीला लागला होता. साहेब सोलापूरकडचे, त्यांना वादच नको होता. म्हणाले, "बघून या. पण परवा मेळावा आहे. पुराव्याशिवाय माल अडवलात तर बायका जेवणार कशावर? आणि सही केल्यावर प्लास्टिक निघालं तर नाव तुमचंच राहील. मग तुम्हाला कायम करा म्हणून मी लिहिणार नाही."

"बघून येतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. साहेबांना त्याचं दर वेळी हसू यायचं.

दुपारी लूना काढून त्याच्या शेडवर गेले. पत्र्याच्या शेडमध्ये पत्रावळी दाबायची दोन मशीनं होती. राधानगरीकडून आलेल्या पानांचे ढीग, कोपऱ्यात तोंड शिवलेली पोती, आणि फळीवर एक टीव्ही. त्या दिवशी पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच होती आणि ती लोकल केबलवर लागली होती. टीव्ही नसता तर एकही कामगार आला नसता.

"त्या पोत्यांत काय?"

"वाळकी पानं. सरपणाला."

ठेकेदारानं हुकूम सोडला. माझ्यासमोर पानांचे दोन थर मशीनवर ठेवले, वरून दाबले, आणि पत्रावळ निघाली. झकास! दुसरी निघाली, तिसरी निघाली. फाडून बघितल्या तर नुसतं पान. मला जरा वाईटच वाटायला लागलं. खरंच बरा माणूस असेल काय हा?

पण एक गोष्ट खटकत होती. शेजारी रिकामी खुर्ची असताना ठेकेदार गोणपाट टाकलेल्या कसल्यातरी उंच गोल वस्तूवर बसला होता. आणि उठत नव्हता. चहा आला तरी बसून. बाहेर ट्रकवाल्यानं हाका मारल्या, तरी "येतो, येतो" म्हणत बसून. तिकडं मॅच संपत आलेली, गोल कुणाचाच नाही, कामगार मशीन सोडून टीव्हीपुढं उभे. कोल्हापुरात मॅचची शेवटची मिनिटं बसून कोण बघतं? आजारी माणूसही भिंत धरून उभा राहतो. आणि हा, संघासाठी कर्नाटकात जाऊन भांडून आलेला गडी, घाम पुसत बसलेला!

"उठा की, दिसत न्हाय तुम्हाला," मी म्हणाले.

"गुडघा धरलाय, ताई."

कॉर्नर मिळाला. ठेकेदार अर्धा उठला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा बसला. चेंडू खांबाला लागून परत आला. तो पुन्हा अर्धा उठला, पुन्हा बसला. मला पोटातून हसू फुटायला लागलं; पदर तोंडात कोंबला. आणि तेवढ्यात गोल झाला!

शेड उडालं. बाहेर पेठेत फटाके, आत शिट्ट्या. ठेकेदार दोन्ही हात वर करून असा उडाला की गुडघ्याचं दुखणं पत्र्याला जाऊन लागलं असेल. कामगारांना मिठ्या मारत तो गोल गोल नाचला. इकडं त्याचं आसन कलंडलं, गोणपाट निसटलं, आणि आतला चकचकीत प्लास्टिकचा रोल स्वतःच उलगडत, लांबलचक पट्टा टाकत, थेट माझ्या चपलेला येऊन टेकला.

नाच थांबला. ठेकेदाराचे हात अजून वरच होते.

"त्यो... लग्नाच्या ऑर्डरचा हाय, ताई."

"बरं. मग ती पोती उपडी करा."

"सरपण हाय म्हटलं न्हवं?"

"उपडी करा!"

आवाज एवढा मोठा आला की मलाच वाटलं, अप्पा बोलले काय. एका कामगारानं पोत्याची शिवण उसवली आणि ते उलटं केलं. तयार पत्रावळींचा ढीग पडला. एक घेतली आणि फाडली. पान टरकन फाटलं, पण खालचा पातळ कागद च्युइंगमसारखा ताणत राहिला. एकच थर पान आणि खाली प्लास्टिक: निम्म्या पानांत काम.

मी हसायलाच लागले. थांबता येईना. डोळ्यांतून पाणी. मग कामगार हसले, आणि शेवटी ठेकेदारही खुर्चीत कोसळून हसायला लागला.

"आज गोल झालाय, ताई. आज तरी सोडा की."

"सोडतो की. सगळ्या नव्यानं काढा, माझ्यासमोर. दोन थर पान."

"समद्या?"

मी रोल गुंडाळला, उभा केला, आणि त्यावर बसले.

मशीनं धडाधड सुरू झाली. जिंकलेल्या पेठेची माणसं, अंगात वारं शिरलेलं. गल्लीतली पोरंही पानं पुसायला आली. चहा आला, मी बसून घेतला. साहेबांचा फोन आला, तोही तिथंच मागवला आणि बसूनच सांगितलं, माल सकाळी येतोय, सही करूनच पाठवतो.

कट्टा उरकून अप्पा मला शोधत आले. हातात दुधाची चरवी. ठेकेदार म्हणाला, "न्या हो हिला. सांच्यापासनं उठंना झालीया."

"का गं?"

"उठलो तर हा रोल मशीनखाली जाईल, अप्पा."

अप्पांनी रोल बघितला, फाटलेली पत्रावळ बघितली, आणि पेल्यात दूध ओतून ठेकेदारापुढं धरलं. ठेकेदारानं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात मागं घेतला.

"ह्ये समोर काढल्यालं न्हाय," तो म्हणाला. "मी न्हाय पीत."

अप्पा एवढे हसले की निम्मं दूध त्याच्या पायावर सांडलं.