घेवड्याचे तीन दाणे

माझ्या भावोजींना, फिर्मिनोंना, वाटेत थांबणं म्हणजे हार वाटायची. आम्हा लक्झेंबर्गमधल्या पोर्तुगीज लोकांत ही साथच आहे. वर्षभर भिंतींना प्लास्टर करायचं, लोकांच्या फरश्या पुसायच्या आणि ऑगस्ट लागला की गाडी भरून सुटायचं. फ्रान्स ओलांडा, स्पेन ओलांडा, की डोंगरापलीकडे आपलं गाव, व्हालदेगास. गावात कॉफीच्या दुकानाबाहेर बसलेले बाप्ये "कसा आहेस" असं विचारतील तर शपथ. "किती तासांत आलास?" एवढंच विचारतात. ज्याचे तास कमी त्याची मान वर्षभर ताठ. भावोजींची नेहमीच ताठ असायची आणि त्यांचा जुना दोस्त आल्बानो नेहमीच चडफडायचा.

मी मागच्या सीटवर, मांडीवर माशांच्या वड्यांचा डबा. "बायकांनो, पाणी बेतानं प्या," असा हुकूम गाडी सुरू व्हायच्या आधीच सुटायचा. जेवण चालत्या गाडीत. पुढे बसलेली माझी बहीण ग्रासिएते रस्त्याकडेच्या तपकिरी पाट्या मोठ्यानं वाचायची. तिकडे अशा पाट्यांवर जवळ काय बघण्यासारखं आहे त्याचं चित्रच काढलेलं असतं.

"फिर्मिनो, इथे राजवाडा आहे."

"असेल. पळून चाललाय का?"

"इथून समुद्र जवळ आहे म्हणे."

"येताना बघू."

येताना डिकीत बटाटे, गावचं ऑलिव्हचं तेल, सॉसेजच्या माळा. "तेल तापेल," म्हणायचे, की झालं. एवढ्या वर्षांत माझ्या बहिणीनं अर्धा युरोप पाट्यांवरच पाहिला.

या जानेवारीत मात्र ताईनं हट्टच धरला. भावोजी उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि जिथे जिथे थांबायचं तिथे घेवड्याचा एकेक पांढरा दाणा ठेवला. भावोजींनी चष्मा लावला.

"हा कशाला?"

"पॅरिस आहे ते."

"गर्दी असते." दाणा उचलला. "आणि हा?"

"बुर्गोसचं चर्च."

"आपल्या गावात चर्च नाही?"

मला राहवेना. "भावोजी, घरी जेवण असतं, तरी लोकांच्या लग्नाच्या पंगतीला का जाता?"

"मेव्हणीबाई, मागच्या सीटला मत नसतं."

घासाघीस करता करता तीन दाणे उरले: लुआर नदीकाठचा राजवाडा, बोर्दोजवळचा वाळूचा डोंगर आणि सान सेबास्तियानचा समुद्र. "तीन. आणि आल्बानोला कळता कामा नये. मी सांगेन गाडी बिघडली होती," भावोजी म्हणाले. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग न जाणो, उद्या आणखी एक उचलला जायचा, म्हणून तिनं तिन्ही दाणे डिंकानं चिकटवून टाकले.

मार्चमध्ये भावोजी कामावरून आले आणि जिन्यातच बसले. "जरा दम खातो," म्हणाले. तेवढंच. ताई पाणी घेऊन येईपर्यंत गेले होते.

आमची माणसं जगतात कुठेही, पुरायची गावच्याच मातीत. ताईची मुलं विमानानं पुढे गेली. ताई काही पेटीजवळून हलेना, म्हणून शववाहिनीत ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघी बसलो. ड्रायव्हर बिचारा सज्जन. "बाई, वाटेत कुठे थांबायचंय का?" त्यानं विचारलं.

मी पिशवीतून नकाशा काढला. ताईनं तो घडी घालून माझ्याच मांडीवर आपटला.

"कुठेही नाही. त्याला त्याच्या वेळेत पोचव. दुकानाबाहेर ते सगळे विचारतील. या शेवटच्या खेपेला माझ्या नवऱ्याची मान खाली जायची नाही."

"अगं, मेल्या माणसाची कसली शर्यत?"

"तुला नवरा नाही. तुला नाही कळायचं."

हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. राजवाड्याची पाटी आली नि गेली. वाळूच्या डोंगराची आली. ताईनं एकही वाचली नाही, ओठ मात्र हलत होते.

सरहद्द ओलांडून सान सेबास्तियानला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ड्रायव्हरनं चढावर गाडी उभी केली. "आता सकाळपर्यंत पुढे नाही. मला झोप घ्यायलाच हवी, नियम आहे."

ताईनं हात जोडले. मग म्हणाली, "तू सरक, मी चालवते." आयुष्यात चाकाला हात न लावलेली बाई. मला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडं झालं.

खाली सगळा समुद्र पसरला होता. ती उतरेना. "त्याच्याशिवाय नाही बघायचा मला."

"तो मागेच आहे ना, ताई."

ड्रायव्हरनं मागची दारं समुद्राच्या बाजूला उघडली. ताई पेटीला टेकून बसली. पुष्कळ वेळानं पेटीवर थाप मारून म्हणाली, "बघ. एवढंच होतं. दहा मिनिटं लागली असती रे तुला." माझ्या बहिणीला एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि एवढी एकटीही.

दुसऱ्या दिवशी गावात दुकानाबाहेरचे सगळे टोप्या काढून उभे राहिले. कोणी काही विचारलं नाही. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत पेटीमागून चालली होती. दफनभूमीच्या फाटकाशी ती आल्बानोसमोर थांबली.

"विचार."

"काय, वहिनी?"

"दर वर्षी विचारतोस ते."

आल्बानोनं हातातली टोपी छातीशी धरली. पेटीकडे बघून म्हणाला, "किती तासांत आलास, फिर्मिनो?"

मला वाटलं, आता ताई गाडी बिघडल्याचं सांगणार.

"उशीर झाला त्याला," ताई म्हणाली. "माझ्यासाठी समुद्रावर थांबला होता."

आल्बानोनं मान खाली घातली. त्याच्या मागे त्याची बायको बेल्मिरा उभी होती. तीही जन्मभर नवऱ्याशेजारच्या सीटवर बसून न थांबता आलेली. ती हुंदके देऊन रडायला लागली. ती फिर्मिनोंसाठी रडत नव्हती.