पाठमोरं बोललेलं वाक्य

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे तोंड केलं आणि काहीतरी म्हणाले. मी मागे वळले, तर अख्खा वर्ग हसत होता. मीही हसले.

सीताबर्डीतला स्पर्धा परीक्षेचा क्लास. मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण मला ऐकू येत नाही. मी ओठ वाचते. वर्गात कॅमेरा लावलेला असायचा आणि तेच लेक्चर संध्याकाळी सगळ्यांसाठी ऑनलाइन यायचं. त्या दिवशी उभी राहून मी एवढंच विचारलं होतं, "सर, व्हिडिओच्या खाली कॅप्शन टाकता का? तुम्ही फळ्याकडे वळता तेव्हा मले काही समजत नाही." एवढ्या दोन वाक्यांसाठी आठ दिवस आरशासमोर सराव केला होता. माझा आवाज मला माहीत नाही. तो कसा लागतो ते लोकांच्या भुवयांवरून कळतं.

विचारलं, आणि सर फळ्याकडेच वळले. मुद्दाम.

न समजता हसलीस कशी, असं विचाराल. सगळे हसले की आपणही हसायचं, ही सवय हाडात मुरलेली असते. न हसलं तर लगेच उघडे पडतो आपण.

घरी आले आणि धाकट्या बहिणीला, रंजूला, तो व्हिडिओ लावून दिला. काय म्हणाले सर? तिनं ऐकलं, मोबाइल पालथा ठेवला. "काही नाही वं ताई. असंच." मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे फिरवलं. तेव्हा तिनं सांगितलं. सर म्हणाले होते, "आता बहिऱ्यांसाठी मी काय नाचून दाखवू? ऐकू येत नाही अन् साहेब व्हायचं आहे म्हणे."

"मंग तू काय केलं?" तिनं विचारलं.

"मी हसली."

रंजू रडायला लागली. मी नाही रडले. माझ्या अंगाची आग आग झाली होती. सरांपेक्षा जास्त संताप माझा मलाच आला. माझ्याच अपमानावर मी दात काढले होते.

आम्ही कोष्टी. लहानपणी घरात यंत्रमाग होते. ते सुरू असले की आमच्याकडे कोणी आवाजानं बोलतच नसे. ओठ हलवायचे, बोटांनी दाखवायचं. तापात माझे कान गेले, पण कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण सगळे तसंच बोलत होते. पुढे माग विकले, घर शांत झालं, तेव्हा आईला कळलं की मागून हाक मारली तर पोरगी वळत नाही.

तीच मागावरची बोली आम्ही दोघी बहिणींनी कामाला लावली. रंजू कानात हेडफोन घालून एक वाक्य ऐकायची, व्हिडिओ थांबवायची आणि नुसते ओठ हलवून मला सांगायची. मी टाइप करायचे. मग सरांचे ओठ बघत कोणती ओळ कधी यायची ते बसवायचे. सर पाठमोरे झाले की रंजू माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची. एका लेक्चरला चार दिवस लागले. ते वाक्यही लिहिलं. त्यापुढे कंसात लिहिलं, वर्ग हसतो.

फाइल घेऊन आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी सगळं पाहिलं. या वेळी माझ्याकडे तोंड करून, जबडा फाकवून बोलले, कुक्कुल्या बाळाशी बोलावं तसं. "छान केलं. सगळ्याच व्हिडिओंना लावू. फक्त ते वाक्य काढ."

"तुम्हीच बोलले ना सर."

"बोललं ते गमतीत जाते. लिहिलं की वाईट दिसते."

मला त्या कॅप्शनची गरज होती. परीक्षा चार महिन्यांवर आली होती. मूकबधिर शाळेतली माझी जरीपटक्याची मैत्रीण त्याच व्हिडिओंवर अभ्यास करायची. रंजूनं माझी ओढणी ओढली. "काढून टाक ना ताई. एकच तर ओळ आहे."

काढून टाकावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच वाक्यापाशी वर्ग हसला होता आणि ते फक्त मलाच कळलं नव्हतं. आता माझ्याच हातानं मी ते माझ्यासारख्या पोरींपासून लपवायचं?

"नाही," मी म्हणाले. बहुतेक ओरडलेच, कारण बाहेर बसलेल्या पोरांनी वळून पाहिलं. "ज्याले कान आहेत त्याले पूर्ण भेटते. मले काहून गाळून देता? लावायचं तर पूर्ण लावा."

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या यादीतून माझं नाव गेलं.

तो व्हिडिओ अजून ऑनलाइन आहे, कॅप्शनशिवाय. लोक बघतात, हसतात. मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीचा अर्ज केलाय आणि सोबत पूर्ण मजकूर जोडलाय. सरांनाही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीच फाइल पाठवते. त्यांनी नंबर ब्लॉक केला, तर रंजूच्या नंबरवरून पाठवते. तिचाही केला, तर टपालानं पाठवीन. पुढची लेक्चरंही आम्ही दोघी लिहून काढतोय आणि मैत्रिणीला देतोय. परीक्षेचा फॉर्म मी भरला आहे. साहेब तर मी होणारच. आणि त्या मजकुरातला एक शब्दही कमी करणार नाही.